बिनचावीचं कुलूप: आधी दार मोजा, मग दुकानात जा

दुकानातल्या स्टँडवर बोट टेकवलं की चुर्र आवाज होतो, कुलूप उघडतं आणि गिऱ्हाईक तिथंच गार होतं. पण स्टँडवरचा तो फळीचा तुकडा पावसात फुगत नाही, त्याच्या बिजागऱ्या सैल पडत नाहीत आणि त्याच्यापुढं जाळीचं सेफ्टी डोअरही नसतं. ‘मोटर गेली’, ‘सेन्सर बाद झाला’ म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या बऱ्याच तपासल्यावर दाराच्याच निघतात. त्यामुळं निवड दारापासून सुरू करायची.

आत्ता लावलेलं साधं नाईट लॅच बंद करून बघा. त्यासाठी दार हँडलला धरून उचलावं लागतं? गुडघ्यानं रेटावं लागतं? असं असेल तर आधी सुतार बोलवा. बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार कुलपाच्या बाजूला खाली बसलेलं असतं. तिथं जास्त लांबीचे स्क्रू घातले की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पावसाळ्याचं. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि लाकूड रुंदीच्या दिशेनं फुगतं. उन्हाळ्यात दार आणि चौकट यांच्यात कडेनं ३ ते ४ मिलिमीटर फट असेल तर पावसाळ्यात दार अडत नाही. एक गोष्ट मात्र कुणीच बघत नाही: दाराची वरची आणि खालची कड. सुतार तिथं रंधा मारतो, पॉलिशवाला ती तशीच कोरी सोडतो आणि दार तिथूनच पाणी पितं. आरसा धरून खालची कड बघा. लाकूड उघडं दिसलं तर दार उतरवून दोन हात सीलर द्यायला लावा.

आता मापं. टेप घ्या आणि कागदावर लिहून काढा, तोंडी सांगू नका. पहिलं माप दाराची जाडी. बरीच कुलपं ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीसाठी असतात. साधं फ्लश डोअर, म्हणजे सपाट दार, ३० ते ३५ भरतं, तर कोरीव सागवानी दार ६० च्या पुढं जातं. जाड दाराला लांब स्पिंडल (आतलं-बाहेरचं हँडल जोडणारी सळई) आणि दोन्ही भाग आवळणारे लांब स्क्रू लागतात आणि ते डब्यात नसतात, वेगळे मागावे लागतात. दुसरं माप पॅनेलच्या दाराच्या कडेच्या उभ्या पट्टीचं. मोर्टाइज कुलपाची पेटी दाराच्या कडेतून आत बसते. हँडलचा मध्य कडेपासून साधारण ६० मिलिमीटरवर येतो आणि पेटी त्याच्याही आत जाते. म्हणून ही पट्टी किमान ११० मिलिमीटर हवी. कमी असेल तर पेटी पॅनेलच्या सांध्यात घुसते आणि दार तिथंच कमकुवत होतं. तिसरं, पट्टीवर नक्षी किंवा उठावदार मोल्डिंग असेल तर बाहेरची प्लेट सपाट टेकणार नाही. प्लेट साधारण ७५ मिलिमीटर रुंद आणि ३५० ते ४०० लांब धरून तेवढा पुठ्ठा कापा आणि दारावर लावून बघा.

राजारामपुरी असो की ताराबाई पार्क, अपार्टमेंटमध्ये सगळ्यांत जास्त फसगत चौथ्या मापात होते: मुख्य दार आणि सेफ्टी डोअर यांच्यातलं अंतर. हँडलवालं कुलूप दाराच्या बाहेर सहज ६० ते ७० मिलिमीटर येतं. दोन्ही दारं बंद करून मधली मोकळी जागा मोजा. ती ७५ पेक्षा कमी असेल तर हँडलवालं मॉडेल विसरा, बिनहँडलचं बसकं कुलूप बघा. नाहीतर सेफ्टी डोअर बंदच होत नाही आणि मग कुणीतरी त्याची जाळी ठोकून बाक काढतो.

कोणत्या जातीचं घ्यायचं हे दारावरूनच ठरतं. नव्या, एकपाखी, जाड दाराला मोर्टाइज. बोल्ट, म्हणजे चौकटीत घुसणारे दांडे, दाराच्या पोटातून येतात, ताकद चांगली असते. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या दोनपाखी दारांना मोर्टाइजच्या वाटेला जाऊ नका. दोन पाखांच्या मधली झाकपट्टी आड येते आणि खाच मारताना जुनं लाकूड फुटतं. तिथं आतून पृष्ठभागावर बसणारं रिम लॉक बरं. मात्र न उघडणाऱ्या पाखाच्या वरच्या-खालच्या खिट्ट्या घट्ट बसायला हव्यात. ते पाख हललं की कुलूप कितीही महाग असो, दोन्ही पाखं एकदम ढकलता येतात. तयार स्टीलच्या दारात कंपनीची पेटी आधीच असते. तिच्या हँडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या (चावी फिरते त्या नळीच्या) मध्यापर्यंतचं अंतर मोजून त्याला जुळणारंच कुलूप घ्यावं लागतं. कडीकोयंड्याला अडकवायची बोटावर उघडणारी छोटी कुलपंही मिळतात. ती गोदामाच्या कपाटाला ठीक, घराच्या मुख्य दाराला नकोत.

यानंतर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा आणि उत्तराकडं नीट कान द्या: मोटर बोल्ट ढकलते की फक्त क्लच जोडते? क्लचच्या कुलपात बोट जुळलं की छोटी मोटर आतली खिट्टी सरकवते आणि बोल्ट तुम्ही हँडल दाबून मागं घेता. पूर्ण ऑटोमॅटिक कुलपात मोटरच बोल्ट ढकलते आणि ओढते. दुसरं दिसायला झकास, पण दार फुगून बोल्ट स्ट्राइक प्लेटच्या (बोल्ट जिच्यात जातो त्या चौकटीवरच्या पट्टीच्या) कडेला घासायला लागला की मोटर झटते, दोन-तीनदा प्रयत्न करते, बीप देते आणि सेल पिऊन टाकते. इथल्या पावसाला क्लचवालं कुलूप जास्त सोसतं. ऑटोमॅटिकच हवं असेल तर दार फ्लश किंवा स्टीलचं असावं. क्लचवाल्यात एक सवय घरातल्या सगळ्यांना लावावी लागते. बऱ्याच मॉडेलांत बाहेर पडताना हँडल वर उचललं तरच मोठा बोल्ट बाहेर येतो. नुसतं दार ओढून घेतलं तर फक्त तिरकं लॅच लागतं आणि ते बोल्टाइतकं मजबूत नसतं.

उघडायच्या पद्धती किती, यापेक्षा घरात माणसं कोण, हे बघा. बोटाचे ठसे सगळ्यांचे चालत नाहीत. शिरोलीच्या फाउंड्रीत साचे हाताळणारे, हुपरीत चांदी घासणारे, सिमेंट कालवणारे, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आजी-आजोबांची कातडी कोरडी आणि पातळ होते. लहान मुलांची बोटं वाढतात, सहा महिन्यांनी ठसा पुन्हा घ्यावा लागतो. भांडी घासून आलेलं ओलं बोटही नाकारलं जातं. दुकानात हीच परीक्षा घ्या: आईला किंवा वडिलांना सोबत न्या, त्यांचा ठसा नोंदवा आणि दहादा लावून बघा. दहापैकी किमान आठदा उघडलं नाही, तर ते कुलूप तुमच्या घरासाठी नाही. नोंदवताना प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं घ्या, आणि जे बोट रोज वापरणार ते दोन जागांवर वेगवेगळ्या कोनांतून नोंदवा.

आकड्यांचा कोड सगळ्यांसाठी असतो, पण काचेच्या पॅडवर तेलकट बोटांचे डाग पडतात आणि कोणते चार आकडे दाबले जातात ते उन्हात तिरकं बघितलं की दिसतं. खोटे आकडे चालतात का विचारा, म्हणजे खऱ्या कोडच्या पुढंमागं काहीही दाबलं तरी कुलूप उघडतं. कोड सहा आकडी ठेवा. जन्मसाल आणि गाडीचा नंबर नको. कामाला येणाऱ्या मावशींना वेळेच्या बंधनाचा कोड देता येतो, समजा सकाळी ९ ते ११. पाहुण्यांना एकदाच चालणारा. कार्ड म्हाताऱ्या माणसांना सोपं पडतं, पण १२५ किलोहर्ट्झची कार्डं स्वस्त यंत्रानं नक्कल होतात. १३.५६ मेगाहर्ट्झची मागा. त्यांतल्याही मायफेअर क्लासिक प्रकाराची सांकेतिक पद्धत २००८ मध्येच फोडली गेली आहे, हे लक्षात ठेवून हरवलेलं कार्ड त्याच दिवशी काढून टाका.

वायफाय लागतंच असं नाही. मुलगा पुण्यात आणि आईवडील इथं, दूरवरून दार उघडायचं असेल तर घ्या. बहुतेक कुलपं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि सतत जोडलेलं राहिल्यानं सेल लवकर संपतात. ब्लूटूथवालं कुलूप आणि गरज पडली तर वेगळा गेटवे (कुलूप इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी), हा मध्यम मार्ग. लाईट गेली की राउटर बंद पडतो, पण ठसे आणि कोड कुलपाच्याच मेमरीत असतात, दार उघडतं.

सेलबद्दल मात्र कंजुषी करू नका. चार किंवा आठ पेन्सिल सेल लागतात, ते अल्कलाईनच घाला. स्वस्त झिंक-कार्बनचे सेल गळतात आणि आतल्या पट्ट्या हिरव्या करतात. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असल्यानं कुलपाचा अंदाज चुकतो, इशारा अवेळी येतो. जुने-नवे मिसळू नका. सूचना आल्यावर ‘रविवारी बघू’ म्हणायचं नाही. सेल पूर्ण मेले तर बाहेरून ९ व्होल्टचा चौकोनी सेल किंवा युएसबी केबलनं वीज देऊन दार उघडायची सोय असते. ती सोय नसलेलं मॉडेल नको.

सगळ्यात शेवटचा आधार यांत्रिक चावी. ती घराच्या कपाटात ठेवणं म्हणजे छत्री घरी विसरून पावसात उभं राहणं. एक चावी शेजारच्या विश्वासातल्या घरी, एक ऑफिसात. आणि या चावीचंच भोक स्वस्त कुलपाचं सर्वांत कच्चं अंग असतं. पुढं चकाचक टचस्क्रीन, खाली प्लास्टिकच्या टोपीमागं पाच-दहा मिनिटांत फिरवता येईल असा सिलिंडर. टोपी काढून चावी बघा. दोन्ही बाजूंना खळगे असलेली डिंपल चावी साध्या दातेरी चावीपेक्षा बरी. बोल्ट बाहेर काढून मोजा, २० मिलिमीटरपेक्षा कमी येत असेल तर खाली ठेवा. आतून बोट, कोड काहीही न लागता एका हँडलवर दार उघडलंच पाहिजे. धूर झाला की कोड आठवत नाही.

पाणी. कुलूप धूळ-पाण्याला किती दाद देत नाही ते आयपी रेटिंग सांगतं. त्याचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. जिन्यातल्या दाराला आयपी५४ पुरे. बंगल्याचं दार पश्चिमेला उघडं असेल, पावसाची झड थेट येत असेल तर आयपी६५ घ्या आणि वर छज्जाही करा. पण कोणतंही घेतलं तरी बुडणं त्यात धरलेलं नसतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर अनुभवलेल्या भागात तळमजला असेल, तर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी जवळ आली की घर सोडताना सेल काढून घ्या आणि दार यांत्रिक चावीनं बंद करा. ओल्या कुलपात राहिलेले सेल आतली सर्किटची पाटी खाऊन टाकतात. त्यासाठी आणि कुलूप दुरुस्तीला जाईल त्या आठवड्यासाठी बाहेरचा जुना कडीकोयंडा काढून फेकू नका, तिथं साधं कुलूप लावता येतं.

किमतीचा ढोबळ अंदाज: रिम आणि डेडबोल्ट (नुसत्या मोठ्या बोल्टचं कुलूप) साधारण ६ ते १० हजार, चांगलं मोर्टाइज १२ ते २५, कॅमेऱ्यासह त्याच्या वर. पैसे ठरवण्याआधी सर्व्हिसचा माणूस कोल्हापुरातला आहे की बाहेरून येणार ते विचारा, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

बसवताना सुतार कुशल असला तरी तुम्ही समोर थांबा. कागदी साचा दाराच्या दोन्ही बाजूंना चिकटवून भोकांचे मध्य सुईनं टोचून घ्यायचे, मगच ड्रिल. बाहेरून आणि आतून अर्धं-अर्धं भोक मारलं की पॉलिशचे टवके उडत नाहीत. पेटीची खाच पटाशीनं साफ करून भुसा पूर्ण झटकून काढायचा. राहिलेला भुसा ओल धरतो आणि लॅच जड करतो. सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते: बाहेरच्या आणि आतल्या भागाला जोडणारी केबल दाराच्या कडेत चिरडते. स्क्रू आवळण्याआधी ती भोकातून सैल येते ना, हे बोटानं चाचपा. स्क्रूही हातानंच आवळा. मशीननं करकचून आवळले की प्लेट वाकते आणि दाबलेलं हँडल परत वर येत नाही. चौकटीतल्या स्ट्राइक प्लेटसोबत येणारे आखूड स्क्रू बाजूला ठेवा, ६० ते ७५ मिलिमीटरचे घाला, म्हणजे ते चौकटीच्या गाभ्यापर्यंत जातात.

पहिली चाचणी दार उघडं ठेवून. बोट, कोड, कार्ड, यांत्रिक चावी, बाहेरून युएसबी किंवा ९ व्होल्ट, प्रत्येक गोष्ट पाच वेळा. हे सगळं जमल्यावरच दार लावा, तेही एक माणूस आत ठेवून. मग मूळ अॅडमिन कोड बदला आणि सुताराला चाचणीसाठी दिलेला कोड पुसा. आपोआप बंद होण्याची वेळ पहिले दोन आठवडे जरा जास्त ठेवा. कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आलेला माणूस, मोबाईल आत, बोट ओलं, हे दृश्य नव्या कुलपाच्या पहिल्याच आठवड्यात दिसतं.

पहिला पावसाळा संपेपर्यंत बोल्ट कुठं घासतो ते बघत राहा. स्ट्राइक प्लेटवर चकचकीत ओरखडा दिसला की त्या बाजूनं कानसीनं मिलिमीटरभर घासायचं, प्लेट हलवायची नाही. पेटीत तेल ओतू नका, त्यावर धूळ बसते. सिलिंडरला ग्रॅफाइटची पूड चालते. आणि खंडेनवमीला दाराला तोरण बांधून कुलपाला हळदकुंकू वाहाल तेव्हा ते आतल्या बाजूच्या कव्हरवर वाहा. सेन्सरच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकलं तर कोरड्या मऊ कापडानं लगेच पुसायचं, ओल्या फडक्यानं नाही.