सिट्रोएन डीएसच्या सस्पेन्शनमधली हवा काढताना या चुका टाळा

सिट्रोएन डीएस ही गाडी १९५५ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात आली. तिच्या प्रत्येक चाकाशी नायट्रोजन वायूने भरलेला एक गोळा असतो आणि त्या वायूवर ऑइलचा दाब पडून गाडी तोलली जाते. गाडी दगडासारखी आदळू लागली की सिस्टिममध्ये हवा शिरली असे निदान सर्रास केले जाते, पण ते बहुधा चुकीचे असते. वर्षानुवर्षे गोळ्यातल्या, वायू आणि ऑइल वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून नायट्रोजन झिरपून गेल्याने चाल कडक होते. अशा वेळी कितीही हवा काढली तरी फरक पडत नाही, गोळाच भरून किंवा बदलून घ्यावा लागतो. हवा शिरल्याची खरी खूण म्हणजे ऑइलच्या टाकीत दिसणारा फेस, गाडी उचलायला पंपाला लागणारा जादा वेळ आणि याच ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकचा लिबलिबीतपणा.

फेस दिसताच ब्लीडिंगला, म्हणजे हवा काढायला, लागणे ही दुसरी चूक, कारण हवा कोठून आत येते हे आधी शोधले पाहिजे. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी सक्शन पाइपमध्ये दाब नसून ओढ असते. त्यामुळे पाइप चिरलेला असला किंवा क्लिप सैल असली, तरी इंजिन चालू असताना तेथून ऑइल गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, आणि खाली डाग नसल्यामुळे तिकडे कोणाचे लक्षही जात नाही. टाकीतली जाळी तुंबली तरी पंपाची ओढ वाढते आणि हवा शिरायला वाव मिळतो.

ऑइलची पातळी गाडी बसलेली असताना पाहू नये. तेव्हा चाकांकडचे ऑइल टाकीत परतलेले असल्याने पातळी भरपूर दिसते. गाडी उचलताच ती खाली जाते आणि पंप हवा ओढू लागतो. इंजिन चालू ठेवून गाडीची उंची ठरवणारा दांडा सर्वांत वरच्या स्थितीत असतानाच पातळी तपासावी.

पंपातली हवा काढताना प्रेशर रेग्युलेटरवरचा (दाब नियंत्रित करणाऱ्या भागावरचा) हवा काढण्याचा स्क्रू साधारण एक फेरा सैल करावा आणि इंजिन मंद चालू ठेवावे. स्क्रू पूर्ण काढला तर त्यामागची बारीक गोळी निसटते. उलट नंतर जोर लावून आवळला तर तिची बैठक खराब होते. स्क्रू बंद केल्यावर गाडी काही वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावी, म्हणजे सस्पेन्शनमधली हवा आपसूक टाकीत परतते. त्यासाठी चाकांजवळचे पाइप सोडू नयेत: आतला दाब सुमारे १७० बारपर्यंत असतो आणि बारीक चिळकांडीही कातडी भेदून आत जाते. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरणे तर जिवावर बेतेल. ब्रेकमधली हवा मात्र ब्रेकवरच्या निपलमधूनच (हवा काढायच्या छोट्या तोटीतूनच) काढावी लागते, आणि ती काढताना ब्रेकचे बटण (डीएसमध्ये पेडलऐवजी असणारे) अगदी हलके दाबावे.

हिरव्या एलएचएम ऑइलच्या (सिट्रोएनच्या खनिज हायड्रॉलिक तेलाच्या) गाडीत साधे ब्रेक ऑइल किंवा जुन्या गाड्यांचे लाल द्रव कधीही टाकू नये. त्याने सील फुगतात, आणि मग सगळी सिस्टिम उघडून सील बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.