हरीण दिसतच नाही? येऊरच्या जंगलात या चुका टाळा

रविवारी सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या फाटकातून आत गेलेली मंडळी साडेनऊच्या सुमारास बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघा. गळ्यात लाखाचा कॅमेरा, अंगावर जंगली ठिपक्यांचं जॅकेट आणि तोंडात एकच वाक्य : "काही नाही हो, माकडं दिसली." त्याच वेळी पाड्यावरून निघालेलं एखादं पोर सहज सांगून जातं, "आत्ता तर होती चितळं, चार-पाच." त्या चार-पाच चितळांच्या पन्नास पावलांवरून मी कितीदा गेलो असेन, कोण जाणे.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवसांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. परवाना काढून, नारिंगी कपडे घालून लोक रायफली घेऊन रानात उतरतात. त्याच्या ऑफिसातल्या शिकाऱ्यांकडून ऐकलेलं तो मला फोनवर सांगायचा, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पद्धती मोजून चार. एका जागी दबा धरून बसणं. पावलापावलाने थांबत चालणं. दुर्बिणीतून लांबूनच हेरून मग वाऱ्याच्या उलट बाजूने जवळ सरकणं. आणि चौथी, हाका, म्हणजे काहींनी रान उठवायचं आणि काहींनी वाटेवर टपून राहायचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण पहिल्या तीन पद्धती कॅमेऱ्यालाही तितक्याच लागू पडतात. चौथीचं पुढे सांगतो, कारण ती करताना आपल्यातल्या निम्म्यांना आपण काय करतोय हेही कळत नाही.

वारा पाठीवर घेऊन चालणं

सगळ्यांत मोठी चूक ही, आणि ठाण्याकडून जाणाऱ्याच्या नशिबी ती जवळजवळ लिहिलेलीच आहे. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे. येऊरचं फाटक पूर्वेला, जंगल पश्चिमेला तुळशी-विहार तलावांच्या दिशेने पसरलेलं. तुम्ही आत शिरता तेव्हा वारा तुमच्या पाठीवर असतो आणि तुमच्या अंगाचा वास तुमच्या आधी हरणाला भेटून आलेला असतो. दुपारी खारा वारा सुरू झाला की तोच तोंडावर येतो. मला सांबर पहिल्यांदा नीट दिसलं ते दुपारी चारनंतर. कित्येक वर्षं मी तो योगायोग समजत होतो.

दरीत शिरलात की मात्र हे गणित फिरतं. पहाटे थंड हवा ओढ्याच्या अंगाने खाली सरकते, आणि ऊन उतारावर पडलं की तापलेली हवा वर चढू लागते. म्हणून सकाळी लवकर ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलात तर खालच्या पाणवठ्यावरच्या जनावराला तुमचा पत्ता आयता कळतो. ऊन चढल्यावर त्याच जागी बसा, चालेल. वारा अंदाजाने ठरवू नका. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला वीतभर रेशमाचा धागा बांधा, नाहीतर छोट्या डबीत चुलीची बारीक राख ठेवा आणि दर दहा मिनिटांनी चिमूटभर सोडून बघा. मी पहिल्यांदा हा प्रयोग टाल्कम पावडरने केला होता. सुवासिक टाल्कम पावडरने. बरोबर आलेले पाड्यावरचे दादा काही क्षण बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, वारा कळला, पण आता त्यांनापण तुमचा साबण कळला."

डिओ, आफ्टरशेव्ह, डास पळवायचं मलम, सिगारेट या सगळ्याचं उत्तर तेच. वडापाव गाडीतच संपवा. कागदात गुंडाळून खिशात ठेवलेली लसणाची चटणी ही काही लपून राहणारी वस्तू नाही.

चालण्याची घाई

आपण जंगलातही उपवन तलावाला फेरी मारल्यासारखे चालतो, एका लयीत. टप, टप, टप, टप. रानात असं चालणारा प्राणी एकच, माणूस. हरीण दोन-चार पावलं टाकतं, थांबतं, कान फिरवतं, पुन्हा एखादं पाऊल टाकतं. तिकडचे थांबत चालणारे शिकारी नेमकं हेच करतात. दोन-तीन पावलं, मग मिनिटभर काही नाही. तासाला दोनशे मीटर झाले तरी त्यांना ते फार वाटतं. आपला गट तासात चार किलोमीटर करतो आणि मग म्हणतो, इथे जनावरच उरलं नाही.

डिसेंबरनंतर सागाची पानं गळून वाळली की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. अशा वेळी पायवाटेच्या मधोमध जिथे माती उघडी आहे, तिथेच पाय टाका. टाच आधी नाही, तळव्याची बाहेरची कड आधी टेकवा आणि मग भार द्या. आठवडाभर घरातल्या घरात असं चालून बघा. बायको हसेल, पण पोटऱ्या तयार होतील.

आणि थांबाल तिथे झाडाला लागून थांबा, मोकळ्यावर नाही.

आता बघण्याचं. आपण डोळ्यांनी अख्खं हरीण शोधतो, चित्रातल्यासारखं, शिंगांसकट. तसं ते जवळजवळ कधीच दिसत नाही. दिसतो तो तुकडा : हललेला कान, ओलं काळं नाक, शेपटीचा पांढरा खालचा भाग. जंगलात बहुतेक रेषा उभ्या असतात, खोडांच्या, बांबूच्या. त्यात कमरेच्या उंचीला एखादी आडवी रेषा दिसली की तिथे थांबा, ती पाठ असू शकते. झुडपावर नजर ठेवू नका, झुडपाच्या आरपार बघा. आठ पट दिसणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण या कामाला पुरते. त्याहून जास्त पट घेतलीत तर हाताचा कंप दिसेल, हरीण नाही.

ठिपक्यांचं जॅकेट आणि पांढराशुभ्र शर्ट

विस्कॉन्सिनवाले भडक नारिंगी घालूनही हरणाजवळ कसे जातात, हा प्रश्न मी भाच्याला विचारला होता. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या डोळ्यांवर अभ्यास झालेले आहेत. लाल-नारिंगी त्यांना आपल्यासारखा वेगळा ओळखू येत नाही, तो मळकट दिसतो. निळा मात्र स्वच्छ दिसतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्यांच्या डोळ्यात काही प्रमाणात पोचतात. म्हणजे नारिंगी जॅकेट दुसऱ्या शिकाऱ्यांसाठी, हरणासाठी नाही.

आपल्याकडे लोक हजारोंचं, रानात मिसळून जाणारं (कॅमोफ्लाज) जॅकेट घेतात आणि खाली नवी कोरी निळी जीन्स घालतात. किंवा ते जॅकेट धुण्याच्या अशा पावडरीत धुतात जिच्यात कपडे उजळ दिसण्यासाठी चमक देणारं द्रव्य असतं, आणि ते नेमकं अतिनील किरणांत निळसर चमकतं. जुनी खाकी पँट आणि साध्या साबणात धुतलेला मातकट शर्ट याहून बरा. तरी खरं सांगू, रंगापेक्षा हालचाल घात करते. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागची थोडी पट्टी सोडली तर सगळीकडचं हलणं त्याला दिसतं. मला चितळाने पकडलं ते एकदा घड्याळ बघताना आणि एकदा पाठपिशवीच्या वेल्क्रोच्या पट्टीचा तो खर्रर्र आवाज करताना. ती पट्टी आता मी कापून तिथे बटण लावलंय.

चितळ टक लावून बघतंय, मग काय?

इथे नव्वद टक्के लोक कॅमेरा वर उचलतात. नका उचलू. पुढचा पाय आपटणं म्हणजे त्याला शंका आली आहे, खात्री नाही. जसे आहात तसे राहा, आणि डोळे थोडे बाजूला वळवा. पांढऱ्या शेपटीची हरणं चरायला मान खाली घालतात आणि क्षणात झटक्याने पुन्हा वर करतात, तुम्ही हललात का ते बघायला. माझ्या अनुभवात चितळही तेच करतं. दुसऱ्यांदा मान खाली गेली, शेपटी सैल हलली, की मग हळूच कॅमेरा उचला.

त्याने इशारा दिलाच, म्हणजे चितळाचा तो चिरका आवाज किंवा सांबराचा मोठा 'पोंक', तर तो तुमच्यामुळेच आहे असं धरू नका. हे बिबट्याचं रान आहे. चितळ कशावरूनही ओरडतं. सांबर उगाच ओरडत नाही. तो आवाज पुन्हा पुन्हा एकाच दिशेने येत असेल तर फोटो मिळेल म्हणून तिकडे धावणं हा शहाणपणा नाही. गटाने एकत्र राहा आणि बरोबरचा वाटाड्या म्हणेल तसं करा.

रान उठवणं

आता ती चौथी पद्धत. दोन वर्षांपूर्वी मी एका गटाबरोबर गेलो होतो. झाडाखाली सात-आठ चितळं, वर वानरं पानं-फळं खात होती, त्यातली निम्मी खाली सांडत होती आणि ती चितळं खात होती. पण सगळ्यांची पाठ आमच्याकडे. आयोजक म्हणाला, "थांबा, वळवतो," आणि टाळ्या वाजवत बाजूने गेला. चितळं उधळली, तारेच्या कुंपणाच्या दिशेने. एक पाडस अडखळलं. मला फोटो मिळाला, चांगला मिळाला, आणि तो मी कुणालाच दाखवलेला नाही.

कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचा. तिच्यात मारणं आहे, विष घालणं, पकडणं, फास आणि सापळा लावणं आहे. आणि त्याच ओळीत हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे, शिवाय यातल्या कशाचाही प्रयत्न करणं. बंदूक हातात असलीच पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच वनपरिक्षेत्र आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. टाळ्या वाजवणाऱ्याला उद्याच तुरुंगात टाकतील असं मी म्हणत नाही. पण बिस्किटं टाकून चितळ जवळ बोलावणं, मोबाइलवर नराच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावणं, ड्रोन उडवणं, पाळीव कुत्रा मोकळा सोडणं, हे सगळं एकाच थैलीतलं आहे. येऊरवर हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा ड्रोनवाल्यांनी तर दोनदा विचार करावा.

बसायचं तर नीट बसा

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, पाणवठ्याजवळ दबा धरण्यासारखी पद्धत नाही. फिरणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त दिसतं, हे जुने शिकारीही सांगत. चूक एवढीच होते की लोक पाऊण तास बसतात आणि उठतात. जागेवर येताना तुम्ही जी गडबड केलेली असते, ती निवायलाच अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे नाटक सुरू व्हायच्या वेळेला प्रेक्षक घरी. सूर्य पाठीशी, वारा तोंडावर, पाण्याला अगदी खेटून नाही, आणि किमान तीन तास. पाण्याची बाटली, बसायला जाड घोंगडीचा तुकडा, वेफर्सचं पाकीट अजिबात नाही. स्वतःहून कुठेही घुसून बसायचं नाही. परवानगी फाटकावर घ्या. बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करायला हौशी लोकांना घेतं, त्यात नाव द्या. एका रात्रीत जेवढं कळतं तेवढं दहा रविवारांत कळत नाही.

कॅमेरा घरीच तपासा

रायफलवाला हंगामाआधी शंभर यार्डांवर नेम जुळवून घेतो, रानात जाऊन नाही. आपण मात्र समोर सांबर उभं असताना मेन्यू उघडतो. मूक शटर आदल्या रात्रीच चालू करा, टिकटिक आणि लाल दिवा बंद. पहाटेच्या उजेडात शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) वाढला तर वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. फोकसचा एकच बिंदू ठेवा, नाहीतर कॅमेरा समोरचं गवत पकडतो. शिकारी पुढच्या पायामागे नेम धरतो, आपण डोळ्यावर. श्वास मात्र दोघांचा सारखाच : अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि बोट दाबायचं नाही, हळूहळू घट्ट करायचं. कोपर गुडघ्यावर किंवा झाडाच्या खोडावर टेकवा.

फोटोबरोबर जागेचं ठिकाण टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे चाळीस जण उभे असतात.

एकटं पाडस दिसलं तर

गवतात मुटकुळं करून पडलेलं, अजिबात न हलणारं पाडस दिसलं की लोकांना वाटतं आईने टाकलं. बहुधा टाकलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते आणि पाडसाला निपचित पडून राहायचंच ठाऊक असतं. तुम्ही जितका वेळ तिथे उभे, तितका वेळ ती येणार नाही. हात लावू नका, दूध पाजू नका, गुपचूप मागे फिरा. हरीण वस्तीत, एखाद्या सोसायटीच्या आवारात शिरलं तरी तेच. पकडापकडीच्या धसक्याने हरणाचे स्नायू निकामी होतात आणि ते नंतर, कधी दोन-चार दिवसांनीही मरतं, वरवर जखम एकही नसताना. गर्दी हटवा, कुत्री बांधायला लावा, जिन्याचं दार बंद करा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. ते येईपर्यंत कुणी मोबाइल घेऊन पुढे सरकला तर त्याला आवाज न चढवता मागे खेचा, कॉलरला धरून खेचलं तरी चालेल.