तुमची बीएसए एम२० युद्धात कुठे होती, हे कसं शोधायचं

विकणारा छातीठोकपणे सांगतो की ही मोटरसायकल बर्मात लढलीय, ते सरळ सोडून द्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीत सव्वा लाखाच्या आसपास एम२० बनल्या, त्यातली नेमकी तुमची कुठे होती ते नंबर आणि रंगच सांगणार.

फ्रेमचा नंबर हेडस्टॉकजवळ (हँडल बसतं तो फ्रेमचा पुढचा भाग), इंजिनचा डाव्या केसवर सिलिंडरखाली. दोन्ही वेगळे निघाले म्हणून कुणी "दोन गाड्यांचे भाग जोडलेली गाडी आहे" म्हणालं तर ऐकू नका, एम२० कारखान्यातूनच तशा निघायच्या.

फ्रेम नंबर इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबला कळवा, बीएसएची जुनी रजिस्टरं त्यांच्याकडे आहेत, फी भरली की काम होतं. त्यातून ती लष्कराच्या कुठल्या काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, बनली ते कळलं की सेन्सस नंबर, म्हणजे लष्कराने गाडीला दिलेला नोंदणी नंबर, साधारण कुठल्या रेंजमधला असेल त्याचा अंदाज येतो.

आता टाकी, आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथेच गेलाय. सेन्सस नंबर म्हणजे सी आणि पुढे बहुधा सात आकडे, हा कुठे ठोकलेला नसतो, टाकीवर नुसता रंगवलेला असतो, म्हणजे रंग गेला की नंबर कायमचा गेला. त्यामुळे पेंटरने कितीही आग्रह केला तरी टाकी सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग काढायला) द्यायची नाही म्हणजे नाही! आधी अंधारात टॉर्च आडवा धरून बघा, जुन्या आकड्यांच्या कडा वरच्या रंगातूनही उठून दिसतात. मग तिथेच तळहाताएवढ्या जागेत हजार नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, हलका हात, आणि तोंडाला मास्क, कारण जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं कधीच घासू नका. सिव्हिलियन रंगाखाली १९४४ पासूनचा ऑलिव्ह ड्रॅब (मळकट लष्करी हिरवा) लागेल, त्याखाली ब्राउन, अगदी आधीची गाडी असेल तर खाकी ग्रीन. आकड्याची पांढरी कड दिसली की थांबा, फोटो काढा, मगच पुढे, आणि प्रत्येक थराचा फोटो वेगळा ठेवा कारण खालच्या थरात दुसराच नंबर निघू शकतो. लष्करी वर्कशॉपात ओव्हरहॉल करताना टाक्या सर्रास अदलाबदल व्हायच्या, म्हणून सापडलेला नंबर काँट्रॅक्टच्या रेंजमध्ये बसतो का ते बघितल्याशिवाय टाकी या गाडीचीच आहे असं धरू नका.

सोबत फॉर्मेशनचं, म्हणजे डिव्हिजन वगैरे लष्करी तुकडीचं, रंगवलेलं चिन्ह सापडलं तर नशीबच, त्यावरून युनिट शोधून लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या वॉर डायऱ्या, म्हणजे युनिटच्या युद्धातल्या रोजच्या नोंदी, बघता येतात, बर्मासाठी डब्ल्यूओ १७२ या क्रमांकाच्या फायली, नॉर्मंडीसाठी डब्ल्यूओ १७१. त्यात तुमच्या गाडीचा नंबर मिळेल अशी आशा धरू नका, युनिट कुठल्या तारखेला कुठे होतं तेवढं मिळेल. चिन्ह नाही सापडलं तर काँट्रॅक्टवर थांबा, पुढचं मनाने जोडू नका.