ब्रेकचं रबर बदलताय? या चुका टाळा

जून लागला की कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे सायकली सुटतात, आणि दर वर्षी तेच ते चुकीचे बसवलेले ब्रेक बघावे लागतात. चाकाची रिम, म्हणजे बाहेरची धातूची कडी, दोन्ही बाजूंनी दाबतो तो रिम ब्रेक. त्याच्या शूमध्ये, म्हणजे रबर धरणाऱ्या धातूच्या खोबणीत, सरकवून घालायचं रबर सुटं मिळतं, त्याला आपण रिफिल म्हणतो. निवांत केलं तर अर्ध्या तासाचं काम. पाच मिनिटांत उरकायला गेलं की घोळ झालाच म्हणून समजा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रिफिल गोंदाने चिकटवणं. शूच्या खाचेचं एक टोक बंद असतं, दुसरं उघडं. उघड्या टोकातून रबर आत सरकवायचं आणि वर बारीक स्क्रू किंवा पिन लावायची. ब्रेक दाबला की फिरती रिम रबराला पुढे ओढते. म्हणून बंद टोक पुढे, उघडं टोक मागे. पुढच्या चाकाला तसंच मागच्या चाकालाही. असं बसवलं की सगळा जोर ती बंद भिंत झेलते, आणि स्क्रूचं काम फक्त रबर मागे घसरू न देण्याचं उरतं. शू उलटा लागला की तोच जोर त्या एवढ्याशा स्क्रूवर येतो.

एका पावसाळ्यात पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन आम्ही उतरायला निघालो, तेव्हा एक कॉलेजचा पोरगा सोबत आला. वाघबीळच्या अलीकडे एका वळणावर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि उजवीकडचं रबर सुटून रस्त्यावर उडालं. लगेच धातू रिमवर खरवडल्याचा कर्कश आवाज. मागचा ब्रेक धड होता म्हणून पोरगा कडेच्या गवतात जाऊन थांबला. शू बघितला तर उघडं टोक पुढे, आत वाळलेल्या सुपरग्लूचा पांढरा पापुद्रा आणि स्क्रूचं भोक रिकामं. "स्क्रू कुठाय?" म्हणून विचारलं. "दादा, पक्कं चिकटवलं हुतं की, स्क्रू कशाला?" रिमवर नखाला लागेल एवढा चर पडला होता. रबराच्या जोडीचे पैसे ते किती, आणि रिमचे किती!

सुपरग्लू वाळला की ठिसूळ होतो. रबर दबतं, थरथरतं, उतारावर तापतं, पावसात भिजतं. तो पापुद्रा हे सोसत नाही. आणि समजा टिकलाच, तरी पुढच्या वेळी खाच खरवडत बसावं लागतं. रिफिल सैल बसत असेल तर एकतर ते तुमच्या शूचं नाही, नाहीतर शूची खाच फाकली आहे. रोड सायकलचं रिफिल साधारण 55 मिलिमीटर लांब असतं, व्ही-ब्रेकचं (दोन लांब उभ्या हातांचा रिम ब्रेक) साधारण 70. जुनं रबर खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी धरून बघा. काही शूंना खाचच नसते, रबर कारखान्यातच कायमचं बसवलेलं असतं. तिथे कापाकापी करून नवा तुकडा डकवू नका, अख्खा शू बदला.

दुसरी खोड तेलाची. रबर घट्ट जातंय म्हणून लोक खाचेत ऑइल सोडतात, मग तेच रिमवर येतं. मी रबर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवतो आणि अंगठ्याने रेटतो. नंतर शू स्वच्छ धुऊन कोरडा करतो. ब्रेक किंचाळतो म्हणून रिमवर स्प्रे मारणाऱ्यांना तर मी सायकल चालवूच देत नाही.

डावं-उजवं बघा; रबरावर खूण असते. दोन्ही चाकं एकदम खोलू नका, एक तसंच ठेवलं की बघायला नमुना राहतो. रबर टायरला अजिबात लागता कामा नये, टायर कापला जातो. पुढचं टोक रिमला किंचित आधी टेकावं: मी मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळतो. बारीक स्क्रू हलक्या हातानेच, त्याचं डोकं झिजलं की निघत नाही. वर्षानुवर्षं दुकानात पडून दगड झालेलं रबर घेऊ नका, नख दाबून बघा.

पावसात पन्हाळ्याची लाल माती रबरात रुतते, ॲल्युमिनियमचे कणही अडकतात. रबर चांगलं असलं तरी ते सुईने उकरून काढा, रिम पुसून घ्या.

बसवून झाल्यावर मी पकडीने रबर मागे ओढून बघतो. मग सायकल हाताने पुढे ढकलत ब्रेक करकचून दाबतो आणि रबर जागचं हललं का ते पाहतो. नव्या रबराला रिमवर नीट बसायला थोडा वेळ लागतो, तेव्हा त्याच दिवशी घाट उतरू नका. आधी रंकाळ्याला सपाट रस्त्यावर, हळूहळू ब्रेक लावत फेऱ्या मारा, आणि घरी आल्यावर स्क्रू पुन्हा एकदा तपासा.