मीलवर्मच्या खाद्यात प्रोबायोटिक: कोंड्यात कोणते, गाजरावर कोणते

मीलवर्म म्हणजे ट्रेमध्ये पाळली जाणारी भुंगेऱ्याची अळी. तिला खायला देतो तो कोंडा कोरडा असतो आणि गाजर ओले. प्रोबायोटिक, म्हणजे खाद्यातून द्यायचे उपयोगी जिवाणू, निवडताना हा फरक सगळ्यात आधी बघायचा. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्या-ताकातले जिवाणू, कोरड्या कोंड्यात फार काळ तगत नाहीत. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू मात्र कोरड्यात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. म्हणून बॅसिलस कोंड्यातून द्यावे, लॅक्टोबॅसिलस गाजरावरून.

बॅसिलसची पावडर पोल्ट्री खाद्याच्या दुकानातून घ्यावी, कृषी सेवा केंद्रातून नको. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेसाठी बॅसिलसचे पुडे घरात पडलेलेच असतात, पण ते फवारणीचे, खाद्याच्या दर्जाचे नव्हेत. त्याहून मोठा धोका नावाच्या सारखेपणाचा. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा टेनेब्रिओनिस हा प्रकार भुंगेऱ्यांच्या अळ्या मारण्यासाठीच वापरतात, आणि मीलवर्म ही भुंगेऱ्याचीच अळी. बिव्हेरिया आणि मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशी तर तिला सरळ मारतात. बागेची बादली, पंप, मोजमापाचे झाकण, यातले काहीही मीलवर्मच्या खोलीत आणू नये.

पुड्यावर ग्रॅमला 100 कोटी जिवाणू लिहिले असतील तर किलोभर कोंड्याला 1 ग्रॅम पुरे. म्हणजे कोंड्याच्या प्रत्येक ग्रॅममागे 10 लाख पडतात. 10 किलोसाठी 10 ग्रॅम पावडर आधी 100 ग्रॅम कोंड्यात चोळा, मग ते किलोभर कोंड्यात आणि शेवटी उरलेल्यात कालवा. एकदम टाकली तर एका ट्रेला सगळी, दुसऱ्याला काहीच नाही. किडी आणि माइट (अगदी बारीक कोळीकीटक) मारण्यासाठी कोंडा तापवून घेत असाल तर पूर्ण गार झाल्यावरच पावडर घाला. 60×40 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये 3 सेंटिमीटर थर द्यायला साधारण 2 किलो कोंडा लागतो.

गाजरासाठी मीठ न घातलेले ताजे ताक चालते, पण घरच्या विरजणात रोज वेगळे जिवाणू निघतात. ठरावीक कल्चरचे दही लावलेले बरे. 100 मिली ताकात 400 मिली पाणी घाला. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, क्लोरीन जिवाणूंना मारतो. गाजराच्या चकत्या 10 मिनिटे बुडवा, चाळणीवर निथळा, ट्रेला 100 ग्रॅम ठेवा आणि 24 तासांत उरलेल्या उचला. इथे आळस केला की बुरशी आलीच. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट की गाजर निम्मे करावे. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की माइट वाढतात आणि कोंडा हलताना दिसू लागतो. असा ट्रे प्रोबायोटिकने सुधारत नाही, तो बाहेरच काढावा.

खोली 26 ते 28 अंशांवर ठेवा. सांगलीच्या उन्हाळ्यात खोलीपेक्षा ट्रेचा मध्यच जास्त तापतो, कारण अळ्यांची गर्दी स्वतः उष्णता काढते. थर्मामीटर कोंड्यात खुपसून बघा.

फायदा होतो का हे नजरेने कळत नाही. एकाच दिवशी अंडी घातलेले चार ट्रे घ्या, दोनांना प्रोबायोटिक, दोनांना साधा कोंडा आणि बिनताकाचे गाजर. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रत्येकातल्या 100 अळ्यांचे वजन आणि मेलेल्यांची संख्या लिहा. पूर्ण वाढलेल्या 100 अळ्या 10 ते 15 ग्रॅम भरतात.

काढणीआधी 24 तास उपाशी ठेवा, पोट रिकामे होते. नंतर उकळत्या पाण्यातून काढलेल्या अळ्या लगेच वाळवा: बीजाणू उकळीतही टिकतात आणि ओल्या ढिगात रात्रभर राहिले की पुन्हा वाढू लागतात.