नर्सिंगच्या प्रवेशासाठी विद्यापीठ तुमचे गुण कसे मोजते? अर्जाआधी स्वतः करायचा हिशोब

एकूण टक्के चांगले असूनही नर्सिंगला प्रवेश मिळत नाही आणि त्याहून कमी टक्क्यांचा विद्यार्थी यादीत दिसतो, तेव्हा धक्का बसतो. पण बहुतेक वेळा विद्यापीठाने पाहिलेला आकडा निराळा असतो. तो आकडा तुम्हालाही काढता येतो. एक वही, गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे प्रवेश नियम एवढेच समोर घेऊन बसा.

१. आधी मापपट्टी ओळखा

अमेरिकेत ४ पैकी ग्रेड पॉइंट सरासरी म्हणजे जीपीए पाहतात. ब्रिटनमध्ये बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेतल्या श्रेणींना ठरावीक गुणांक असतात: ए म्हणजे ४८, बी ४०, सी ३२. काही विद्यापीठे गुणांकांची बेरीज मागतात, काही थेट श्रेणीच सांगतात. ऑस्ट्रेलियातला 'एटार' हा तर गुणच नव्हे, तो क्रमांक असतो. ८० एटार म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत, तर आपल्या वयाच्या साधारण ८० टक्के मुलांच्या पुढे असणे. हा फरक न कळल्यामुळे कित्येक जण उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात.

२. सरासरी क्रेडिट धरून काढा

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश पाहू. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमात त्या विषयाला दिलेले वजन. ए म्हणजे ४, बी ३, सी २ असे धरा. समजा अॅनाटॉमी (४ क्रेडिट) बी, फिजिओलॉजी (४) ए, मायक्रोबायोलॉजी (४) सी, स्टॅटिस्टिक्स (३) बी आणि सायकॉलॉजी (३) ए. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करा: १२, १६, ८, ९, १२. बेरीज ५७. एकूण क्रेडिट १८. भागाकार ३.१७.

आता फक्त पहिले तीन विज्ञान विषय घ्या: ३६ भागिले १२, म्हणजे ३.०. विद्यार्थी तोच, आकडे दोन. अनेक नर्सिंग विभाग एकूण सरासरीसोबत हा दुसरा आकडा वेगळा तपासतात, कारण औषधांचे डोस, संसर्ग, शरीराच्या क्रिया हे पुढचे सगळे याच विषयांवर उभे असते. मला हे रास्त वाटते. भाषेतल्या उत्तम गुणांनी फिजिओलॉजीतली कमतरता झाकली जाऊ नये, कारण शेवटी समोर रुग्ण असतो.

३. पुन्हा दिलेल्या विषयाचा नियम शोधा

वरच्या उदाहरणात मायक्रोबायोलॉजी पुन्हा करून ए मिळवला असे समजा. नवी श्रेणी जुनीच्या जागी धरली, तर सरासरी ६५ भागिले १८, म्हणजे ३.६१. दोन्ही प्रयत्न धरले, तर ७३ भागिले २२, म्हणजे ३.३२. फरक मोठा आहे. अमेरिकेतली 'नर्सिंगकॅस' ही सामायिक अर्जव्यवस्था आपल्या हिशोबात सगळे प्रयत्न धरते. तुमच्या जुन्या कॉलेजने गुणपत्रिकेवर श्रेणी बदलून दिली असली, तरी तिथे पहिला प्रयत्न मोजला जातोच. तो लपवू नका, अर्जात सगळे नोंदवा.

४. पात्रता आणि निवड यांत गल्लत करू नका

'किमान ३.०' लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच की अर्ज वाचला जाईल. जागा कमी आणि अर्ज जास्त असले की निवड त्याच्या बरीच वर थांबते. म्हणून किमान अटीबरोबर मागच्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची सरासरी शोधा. ती कुठे दिली नसेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून सरळ विचारा, त्यात संकोच नको.

शिवाय विषयवार अट वेगळी असते. सरासरी ३.५ असूनही एका आवश्यक विषयात सी-वजा असेल आणि अट 'किमान सी' असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

५. तारखा आणि अपूर्ण विषय तपासा

काही ठिकाणी विज्ञान विषय ठरावीक वर्षांच्या आत केलेले लागतात. पाच किंवा सात वर्षांची मुदत बरेचदा दिसते. निकाल यायचा असेल तर प्रवेश सशर्त मिळू शकतो. म्हणून प्रवेशाचे पत्र हातात पडले तरी शेवटच्या सत्रात अभ्यास सैल सोडू नका.

६. दुसऱ्या देशात अर्ज करताना

टक्क्यांना २५ ने भागून जीपीए काढू नका. जिथे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणतात, तिथल्या ६० चा अर्थ दुसरीकडच्या ६० सारखा नसतो. विद्यापीठाने मान्य केलेल्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्या. केवळ पदवी समकक्ष असल्याचा दाखला बऱ्याचदा पुरत नाही, कारण त्यात विषयांच्या श्रेणी नसतात. याला वेळ लागतो, तेव्हा कागदपत्रे लवकर मागवा.

७. सरासरी कमी पडत असेल तर

६० क्रेडिटची सरासरी २.८ असेल, तर ती ३.० वर न्यायला आणखी १२ क्रेडिट लागतात आणि त्या सगळ्यांत ए मिळवावा लागतो. म्हणून सोपे जादा विषय घेऊन आकडा वाढवायच्या मागे लागू नका. ज्या आवश्यक विज्ञान विषयात श्रेणी सर्वांत कमी आणि क्रेडिट सर्वांत जास्त, तो विषय आधी पुन्हा करा. मात्र फी भरण्यापूर्वी तिसऱ्या पायरीतला नियम त्या विद्यापीठाकडून लेखी मागवून घ्या.