तुरीचं संशोधन, परक्या देशांचा पैसा आणि बांधावरचे प्रश्न

बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष लागलं की घरचे विचारतात, एमपीएससीचा फॉर्म भरला का? नाहीतर, कृषी सेवा केंद्राचं लायसन कधी काढायचं? बँकेतला शेती अधिकारी हाही एक पर्याय असतो. संशोधनाचं नाव कुणी काढत नाही आणि आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या संशोधनाचं तर नाहीच. मी परभणीला वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करून त्या वाटेला लागले. अंबाजोगाई, लातूर, बदनापूरची पोरं फोनवर जे विचारतात त्याची उत्तरं इथे देते. प्रवेशाबद्दल थोडं, पैशाबद्दल जास्त, कारण पैशाबद्दल कॉलेजात कुणी बोलत नाही.

आधी ओळख. फिलिपिन्सची भात संशोधन संस्था १९६० ची. मेक्सिकोतल्या गहू-मक्याच्या संस्थेत नॉर्मन बोरलॉग होते, त्यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं. अशा संस्थांना अनेक देशांनी मिळून पैसा पुरवावा म्हणून १९७१ मध्ये सीजीआयएआर हा गट उभा राहिला. पुढच्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आली. त्याच १९७२ मध्ये परभणीचं कृषी विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षीच्या दुष्काळाची आठवण आपल्याकडची म्हातारी माणसं अजून काढतात. इक्रिसॅटची पिकं कोणती? ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे सोयाबीन येण्याआधीचा आपला सगळा पेरा.

त्यामुळे परदेशी जायची स्वप्नं बघण्याआधी पीक निवडा. देश मागून येतो. मराठवाड्यातल्या पोराला तुरीचं मर लागलेलं झाड लांबून ओळखू येतं, आणि ते शिकवायला बाकीच्यांना एक अख्खा हंगाम जातो.

प्रवेशाचं थोडक्यात: राज्यातल्या विद्यापीठांत एम.एस्सी.साठी पुण्याच्या कृषी परिषदेची सीईटी, राज्याबाहेरच्या विद्यापीठांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) परीक्षा. पाटणचेरूला प्रबंधाचं काम करायला विद्यार्थी घेतात, पण तुमच्या गाइडचा तिथल्या शास्त्रज्ञाशी आधीपासून संबंध असेल तर काम सोपं होतं. गाइड निवडताना हे विचारा, लाजू नका. संख्याशास्त्राला घाबरून पळू नका. इंग्रजी अडखळत असलं तरी चालतं, प्रयोगाची मांडणी अडखळून चालत नाही.

तुरीच्या वांझ रोगावर काम मिळालं तर हातात पहिल्यांदा येतं ते स्टेपलर. रोगट झाडाचं पान निरोगी रोपाच्या पानाभोवती दुमडायचं आणि पिन मारायची. त्या पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी असतात, ते नव्या रोपावर उतरतात आणि रोग सोबत नेतात. झाड फिकट, झुडपासारखं वाढतं, पण फूल धरत नाही. मर रोगासाठी वेगळा प्लॉट असतो. तिथली माती मुद्दाम रोगट ठेवतात, मेलेली झाडं परत तिच्यातच मिसळतात. मध्ये मध्ये रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची ओळ असते. ती मेली म्हणजे रोग जिवंत आहे. बाकीच्या ओळींत जे तगलं त्याचं बी पुढे जातं. काम कंटाळवाणं आहे, पाठ मोडते, आणि १९९३ ची ‘आशा’ तूर अशाच प्लॉटांतून गाळून निघालेली आहे. ती दोन्ही रोगांना दाद देत नाही. आपल्या बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ चंही तेच.

आता पैसा. वांझ रोगाची नोंद १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथून झाली. रोग कशाने होतो, तो विषाणू कोणता, हे नक्की कळायला २००० नंतरची वर्षं उजाडली. ते काम इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या एका संशोधन संस्थेने मिळून केलं आणि त्याला ब्रिटनच्या परदेशी मदत खात्याचा पैसा होता. तिकडच्या करदात्याच्या ताटात तुरीचं वरण बहुधा कधीच आलं नसेल. एका चाचणी प्लॉटवर एका काकांनी मला सरळ विचारलं होतं, “ताई, गोऱ्याचा पैसा आमच्या तुरीला कशाला लागायलाय? त्याला काय भेटतंय?”

प्रश्न बरोबर आहे आणि तिकडचे मतदारही तोच विचारतात. अमेरिकेत कैसर फाउंडेशनच्या पाहण्यांमध्ये लोकांना विचारलं की देशाच्या बजेटचा किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर सरासरी उत्तर पाव हिश्श्याच्या आसपास यायचं. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास. तो सांगितल्यावर ‘खर्च फार होतोय’ म्हणणारे बरेच कमी व्हायचे. म्हणजे विरोधाचा मोठा भाग चुकीच्या आकड्यावर उभा होता. आणि शेती संशोधन हा त्या एक टक्क्यातलाही लहानसा तुकडा. २०२० च्या एका अभ्यासात अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला की सीजीआयएआरवर घातलेल्या एका डॉलरमागे सुमारे दहा डॉलरचा फायदा झाला. तरी २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदतीचे प्रकल्प थांबवले, तिथल्या विद्यापीठांमधल्या शेती संशोधनाच्या प्रयोगशाळा बंद पडल्या आणि वर्षाच्या मध्यात यूएसएड हे अमेरिकेचं मदत खातंच गुंडाळलं गेलं. त्याच सुमाराच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते.

नवीन माणसावर याचा परिणाम असा की तुमची नोकरी प्रकल्पाच्या मुदतीएवढी. दोन-तीन वर्षांचं कंत्राट, मग पुढचा प्रकल्प. मलाही एकदा हंगाम उभा असताना कंत्राट संपल्याचं पत्र आलं आहे. रुजू होताना हे जरूर विचारा: प्रकल्पाला पैसा कोणाचा, किती वर्षांचा, आणि तो थांबला तर चाचण्यांचा डेटा कुणाकडे राहतो?

याहून अवघड प्रश्न बांधावर येतो: आपल्याच पिकाशी स्पर्धा करणाऱ्याला मदत का करायची? १९८६ मध्ये अमेरिकेत बम्पर्स दुरुस्ती नावाची तरतूद झाली. आर्कान्सा हे भात-सोयाबीनचं राज्य. तिथल्या बम्पर्स या सिनेटरचं म्हणणं असं की आमच्या निर्यातीशी स्पर्धा करणाऱ्या पिकांना आमच्याच मदतीचा पैसा जाऊ नये. वाचताना राग येतो ना? मग हे बघा. इक्रिसॅटचं तुरीचं काम टांझानिया, मलावी, मोझांबिकमध्येही चालतं. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. त्याच हंगामात आपल्याकडे तूर उदंड पिकली, भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून रात्र काढलेल्या माणसाला आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या बियाण्याचं कौतुक सांगून बघा. आर्कान्सातला शेतकरी काय म्हणत होता ते मला तिथे कळलं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. भाव पडतो तो आयातीच्या निर्णयाने आणि खरेदीच्या ढिसाळपणाने. बियाणं रोखून तो वर येत नाही. शिवाय बी एकाच दिशेने जात नाही. पाटणचेरूच्या जनुकपेढीत १४४ देशांमधले बियाण्यांचे सव्वा लाखाहून जास्त नमुने जपलेले आहेत आणि आपले पैदासकार त्यातूनच नव्या वाणाच्या संकरासाठी रोगाला टिकणारे पालक वाण उचलतात. २०१८ ची ‘परभणी शक्ती’, जादा लोह-जस्ताची ज्वारी, इक्रिसॅट आणि आपल्या विद्यापीठाने मिळूनच दिली. हे ऐकून सगळे शेतकरी पटतात असं नाही. ते काका पटले नव्हते. पण “वाण चांगला आहे, भावाचं तुम्ही सरकारला सांगा” म्हणाले.

मुलाखतीतही हा विषय निघतो. माझ्या पॅनेलवर एकाने विचारलं, “तुमच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे काम नको असेल तर?” तिथे जागतिक भुकेवर भाषण ठोकू नका, ते त्यांना पाठ असतं. तुमच्या गावात कोणता वाण पेरतात, तो कुठून आला, कशाला कमी पडतो आणि कडब्याला कसा आहे, एवढं पक्कं माहीत करून जा. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातही तेच लिहा. गावाचं आणि वाणाचं नाव घालून.